दुसरी किल्ली

३ ऑक्टोबर

बारक्यास,

नमस्कार-चमत्कार नंतर. तू फोनचा नंबर बदललास आणि नवा कुणाला देत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्ता मावशीकडून घेतला. तिच्यावर डाफरू नकोस, मीच तिच्या मागे लागले होते. "घरातल्या कुणी माझ्याकडे यायचं नाही, फार तर पत्र टाका," असं तूच तिला सांगितलं होतंस म्हणे. टाकलं.

काम असं आहे. बाबांची बॅटरीची सायकल गेली. आपल्या इमारतीत, जिन्याखालच्या जागेतून, दिवसाढवळ्या. मी दुकानात होते. संध्याकाळी परत आले तर जागा रिकामी. कुलूप लावलेलं होतं, एवढं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. भिंतीतली कडीही जागच्या जागी आहे. ती कुठे जाणार म्हणा, ती पक्की बसली की नाही हे बघायला बाबांनी तुला तिच्यावर लोंबकळायला लावलं होतं, आठवत असेल.

सायकल तूच घेतली होतीस, त्यामुळे विम्याच्या अटी तुला माहीत असतील. नसतील तर सांगते. बाबांना त्या पाठ आहेत आणि त्यांच्यामुळे आता मलाही झाल्यात. कुलूप कंपनीने मान्य केलेलं हवं. ते फ्रेममधून गेलेलं हवं, नुसतं चाकातून चालत नाही. आणि ते न हलणाऱ्या वस्तूला अडकवलेलं हवं, सायकल घरी असली तरीसुद्धा. एवढं सगळं करूनही चोरी झालीच, तर कुलपाच्या दोन्ही अस्सल किल्ल्या कंपनीला दाखवायच्या. म्हणजे किल्ली कुलपातच विसरून तुम्ही गावभर हिंडत नव्हतात, हे सिद्ध होतं. नकल केलेली किल्ली चालत नाही.

एक किल्ली बाबांकडे. दुसरी तुझ्याकडे. घर सोडताना तू घराची किल्ली टेबलावर ठेवलीस, सायकलची ठेवली नाहीस. मुद्दाम की विसरून, ते मी विचारत नाही. फक्त पाठवून दे. एका जाड पाकिटात घालून रजिस्टर केलंस तरी चालेल. महिनाअखेरपर्यंत दोन्ही किल्ल्या दिल्या नाहीत तर क्लेम बंद होतो.

बाबा बरे आहेत. गुडघा आहे तसाच आहे.

ताई


११ ऑक्टोबर

बारक्यास,

पाकीट आलं नाही. टपाल हल्ली फार सुस्त झालंय असं मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "टपालाला कशाला नावं ठेवतेस?" आणि पेपर वाचत बसले.

काल विमा कंपनीची तपासनीस येऊन गेली. माझ्याच वयाची बाई, पायात खेळाडूंचे असतात तसे बूट, हातात मोजपट्टी. तिने कडी मोजली, भिंत ठोकून पाहिली, मग सरळ फरशीवर आडवी होऊन टॉर्चने कुलूप पाहिलं. बाबा बाजूला उभे राहून तिला कुलपाचं गुणगान ऐकवत होते. एकाच किल्लीने उघडणारी दोन कुलुपं आपण खास मागवून घेतली, एक घरच्या कडीसाठी आणि एक सायकलीवर बरोबर न्यायला, म्हणजे खिशात एकच किल्ली राहते आणि घोळ होत नाही. चाळीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला एवढी अक्कल असतेच, वगैरे वगैरे. ती बिचारी पडल्या पडल्या "हो काका, हो काका" करत होती.

मग ती उठली, कपडे झटकले आणि म्हणाली, "काका, कुलूप शाबूत आहे."

"असणारच. तसलं स्वस्तातलं नाहीच ते."

"तसं नाही. ते बंद आहे. कडीत आहे. त्याला ओरखडासुद्धा नाही. मग त्यातून सायकल गेली कशी?"

बाबांनी काठी हातात घेतली. मग म्हणाले, "ते शोधणं तुमचं काम," आणि काठी टेकत जिना चढून वर निघून गेले.

हे मी तुला मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. कुलूप लावलेलं होतं असं लिहिलं, ते खरंच होतं. पण रिकामं लावलेलं होतं. सायकल काढून घेऊन कुणीतरी कुलूप परत कडीत अडकवलं आणि बंद केलं. तपासनीसबाई मला जिन्यात हळूच म्हणाली, "इतकी वर्षं हेच काम करतेय, जाताना कुलूप लावून जाणारा चोर नाही पाहिला. घरातल्या कुणाचं कुणाशी वाकडं आहे का?"

मी नाही म्हटलं. खोटं बोलले.

तू आणि मी दोघंही जाणतो की उघडं कुलूप लोंबकळत ठेवलेलं बाबांना चालत नाही. सायकल बाहेर काढली की रिकामं कुलूप कडीला लावायचं, मगच निघायचं. मी एकदा तसंच सोडून गेले तर जेवण होईपर्यंत बोलणी खाल्ली होती. ही खोड या घराबाहेर कुणाला असेल असं वाटत नाही. आणि ते कुलूप उघडणाऱ्या किल्ल्या जगात दोनच.

बाबांची किल्ली, तीही आता सापडत नाहीये. मी सगळे खिसे, सगळे खण, पिठाच्या डब्यामागची फट, सगळं पाहिलं. बाबा शोधायला मदतसुद्धा करत नाहीत. "मिळेल तेव्हा मिळेल," म्हणतात. ज्या माणसाने उभ्या जन्मात एक किल्ली हरवली नाही, तो असं बोलतो. क्लेमचा विषय काढला की म्हणतात, "मला नको ती भरपाई." कशाला नको? सायकलीशिवाय तुम्ही दाराबाहेर पडू शकत नाही, मग नको कशी?

मला ते कुणाला तरी पाठीशी घालत असल्यासारखे वाटतात. त्यांनी पाठीशी घालावं असा माणूस त्यांना एकच आहे. मी नक्कीच नाही, मला तर भाजीत मीठ कमी पडलं तरी पाठीशी घालत नाहीत.

बारक्या, सरळच विचारते. तू आला होतास का? सायकल तूच घेऊन दिली होतीस, तुला हवी होती तर हक्काने मागायची. वर येऊन मागायची. मी दुकानात असताना गुपचूप यायचं, बाप वरच्या मजल्यावर बसलेला असताना खालच्या खाली सायकल न्यायची, ही कुठली रीत?

नेली असशील तर परत आणून ठेव. मी विचारणार नाही. कडीला लाव, जा.

ताई


१९ ऑक्टोबर

बारक्या,

तुझं उत्तर मिळालं. धुलाई यंत्राच्या दुरुस्तीच्या बिलाच्या पाठीवर चार ओळी. अक्षर तसंच आहे, मुंग्या पळाल्यासारखं.

"किल्ली माझ्याकडे आहे. सायकल मी नेलेली नाही. चोराकडे किल्ली मागायची नसते. पुन्हा लिहू नकोस."

चौथी ओळ मी वाचली नाही असं समज.

पहिली ओळ मी बाबांना वाचून दाखवली. बाकीच्या दाखवल्या नाहीत. ते खिडकीशी नखं कापत बसले होते. हात थांबला. म्हणाले, "काय लिहिलंय?" मी पुन्हा वाचलं. "किल्ली माझ्याकडे आहे." त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "म्हणजे ठेवलीय." मग थोड्या वेळाने, मी स्वयंपाकघरात असताना, तिथूनच ओरडले, "नीट शब्द काय आहेत गं?" तिसऱ्यांदा सांगितलं. मला राग आला, खरं सांगते. मी रोज त्यांच्या गुडघ्याला मलम लावते, त्याबद्दल कधी दोन शब्द नाहीत, आणि तुझ्या तीन शब्दांची अशी पारायणं.

तुझ्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे मला समजत नाहीये. ठेवावासा वाटतो. पण मग कुलूप कुणी लावलं? भूत कुलूप लावत नाही.

ते जाऊ दे. तू नेली नसशील तर किल्ली द्यायला तुझं काय जातं? मी तुला चोर म्हटलं म्हणून बाबांना शिक्षा का? माझ्याशी भांड ना. समोर ये आणि भांड.

घरात काय चाललंय ते तुला माहीत नाही, म्हणून सांगते. सायकल होती तोवर बाबा दिवसभर बाहेर असायचे. सकाळी वाचनालय, मग बाजार, मग कारखान्यातल्या जुन्या मंडळींबरोबर पत्ते. दुपारी माझ्या चष्म्याच्या दुकानात डबा घेऊन यायचे आणि गिऱ्हाइकांना कुठली फ्रेम शोभते ते न विचारता सांगायचे. मी वैतागायचे. एकदा एका बाईंना म्हणाले, "ही घालू नका, हिच्यात तुम्ही शाळेतल्या मुख्याध्यापिका दिसता." त्या खरंच मुख्याध्यापिका होत्या. तरी त्या दुसरी फ्रेम घेऊन गेल्या आणि अजून बाबांची चौकशी करतात.

आता ते बसून असतात. बस थांब्यापर्यंत चालवत नाही. सकाळी एकदा खाली उतरतात, त्या रिकाम्या कडीकडे बघतात आणि वर येतात, एवढाच त्यांचा प्रवास. पेपर वाचून संपला की पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करतात. परवा मी विचारलं, आज काय खायचं, तर म्हणाले, "काहीही." बारक्या, बाबा "काहीही" म्हणाले. ज्यांच्या पायी आईने आयुष्यभर दोन दोन भाज्या केल्या, ते.

मला भीती वाटते. हे बोलायला घरात दुसरं कुणी नाही म्हणून तुला लिहिते. भरपाई मिळाली तर नवी सायकल येईल आणि ते पुन्हा उठतील, नाही मिळाली तर असेच बसून राहतील, आणि बसलेला म्हातारा माणूस पुन्हा उठत नाही. मला एकटीच्या कमाईत ती सायकल घेणं शक्य नाही. तू घेतलीस तेव्हा तुझी कायमची नोकरी होती. ती तू सोडलीस आणि लोकांची धुलाई यंत्रं दुरुस्त करायला लागलास, त्यावरून बाबा तुला काय काय बोलले ते मला पाठ आहे. "माझ्या शब्दावर मिळालेली नोकरी लाथाडायची असेल तर या घराची किल्ली ठेवून जा." तसं ते बोलले. बोलायला नको होतं. पण तूही काय, लगेच ठेवलीस! खिशातून काढून, जुडग्यातून सोडवून, टेबलावर! राग आलेला माणूस दार आपटून जातो. तू शांतपणे किल्ली सोडवत बसला होतास. ते बाबांच्या मनाला फार लागलंय.

तुझी आणि त्यांची तऱ्हा एकच आहे, हे तुम्हा दोघांनाही कुणी सांगितलेलं नाही. मी सांगते.

तपासनीसबाईने अजून मुदत दिलीय. उद्या ती बाबांचा जबाब पाठवणार आहे सहीसाठी. तो मी भरून देईन. तू किल्ली तेवढी पाठव.

ताई


२३ ऑक्टोबर

प्रिय बारक्या,

क्लेम मागे घेतला. किल्ली पाठवू नकोस.

थांब, चिडू नकोस. आधी सगळं वाच. शक्य असेल तर बसून वाच.

काल जबाबाचा कागद आला. मी तो भरला. सायकल अमुक कंपनीची, कुलूप अमुक प्रकारचं, फ्रेममधून भिंतीतल्या कडीला लावलेलं होतं, तिथून अज्ञात इसमाने चोरून नेली. खाली सहीची जागा. बाबांपुढे कागद आणि पेन ठेवलं आणि चहा टाकायला गेले. परत आले तर पेनाचं टोपण लावलेलं आणि कागदावर सही नाही.

म्हटलं, "बाबा, सही."

"मी खोट्यावर सही करत नाही."

"यात खोटं काय आहे?"

"चोरीला गेली असं मी कधी म्हणालो?"

खरंच, बारक्या, त्यांनी तसं कधीच म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ते पायात बूट घालूनच खुर्चीत बसले होते. मी धावत वर येऊन ओरडले, "बाबा, सायकल नाहीये!" ते म्हणाले, "नाहीये." मी म्हटलं, "चोरीला गेली?" ते काही बोलले नाहीत. पुढचं सगळं मीच बोलले. पोलिसात मी गेले, कंपनीला फोन मी केला, तुला पत्रं मी लिहिली. ते नुसते गप्प बसले, आणि मी त्यांच्या गप्प बसण्यातून एक चोर उभा केला.

म्हटलं, "मग सायकल कुठे आहे?"

"जिथे लावली तिथे असेल. नीट लावलीय."

"कुठे?"

त्यांनी तुझा पत्ता सांगितला. इमारत, गल्ली, खालचं फरशीचं दुकान, सगळं. मावशीने तो तुझ्याकडून मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना दिला होता. मी त्याच बाईच्या आठवडाभर हातापाया पडत होते! तिला आज फोन केला तर म्हणते, "अगं, त्यांनी शपथ घातली होती, तुला सांगू नको म्हणून."

तर ते तुझ्याकडे आले होते. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तो गुडघा घेऊन, बॅटरी संपत आलेली. निघताना इथलं रिकामं कुलूप कडीला लावलं, नेहमीसारखं. पुढचं त्यांच्याच तोंडून ऐक. मी आठवेल तसं लिहिते.

"त्याच्या दारासमोर वाचनालय आहे. त्याला लोखंडी कठडा. खूप सायकली असतात तिथे. मी आधी कठडा हलवून पाहिला. दोन गज हलत होते, ते सोडले. पक्का गज बघून कुलूप घातलं, फ्रेममधून आणि मागच्या चाकातून, दोन्ही. किल्लीचं भोक खाली केलं, पाणी जायला नको म्हणून. कव्हर घातलं. मग वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर तो खिडकीत उभा होता. शर्ट वाळत घालत होता. झटकतसुद्धा नव्हता, तसाच पिळलेला टाकत होता. वाळल्यावर चुरगळणार नाही का?"

मी म्हटलं, "मग?"

"मग मी हात वर केला. त्याला दिसावा म्हणून. किल्ली हातातच होती. ती सुटली. पायाखाली गटाराची जाळी होती, त्यात गेली. आवाजसुद्धा आला."

"आणि त्याने पाहिलं?"

"नाही. तो आत गेला."

मी विचारलं, मग हाक का नाही मारली? जिना चढायचा. बेल वाजवायची. दुसरी किल्ली तर वरच होती, तिसऱ्या मजल्यावर.

बाबा माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मलाच काही कळत नाही. म्हणाले, "तेच तर! तीन वर्षांनी बाप दारात येतो आणि मागतो काय, तर किल्ली. त्याला काय वाटलं असतं? किल्लीसाठी आलो असंच वाटलं असतं ना?"

मी म्हटलं, "खरं ते सांगायचं. भेटायला आलो होतो, किल्ली पडली."

"कुणाचा विश्वास बसला असता? तुझा बसला असता?"

ते तिथे कठड्यापाशी उभे राहिले. किती वेळ ते सांगत नाहीत. मग बस धरून घरी आले, दोन ठिकाणी बदलून, आणि बूट घालूनच खुर्चीत बसले, तिथे मी त्यांना पाहिलं. कव्हर सायकलीबरोबर गेलंय हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही. कुठला चोर ते करडं, ठिगळं लावलेलं कव्हर घेऊन जाईल? बाबांनी जाड दोऱ्याने शिवलेल्या त्या कव्हराकडे भंगारवालासुद्धा बघणार नाही.

मग ते म्हणाले, "आणि तू काय केलंस? पत्र लिहिलंस त्याला. काय मागितलंस?"

किल्ली मागितली, बारक्या. तीन वर्षांनी पहिलं पत्र, आणि तू कसा आहेस असं एका शब्दाने विचारलं नाही. किल्ली पाठव, रजिस्टर केलीस तरी चालेल. जे व्हायला नको म्हणून बाबा तुझ्या दारातून परत आले, ते मी टपालाने घरपोच केलं. वर तुला चोर म्हटलं. तू सायकल नेली नाहीस. माझं चुकलं. हे वाक्य मी कधी लिहीत नाही, तेव्हा जपून ठेव.

तपासनीसबाईला आज सकाळी फोन केला. सगळं सांगितलं, लपवायला काही उरलं नव्हतं. वाटलं आता ही बाई झाडणार. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे सायकल फ्रेममधून, न हलणाऱ्या वस्तूला, मान्यताप्राप्त कुलपाने लावलेली आहे?" मी हो म्हटलं. म्हणाली, "मग काकांना सांगा, विमा चालू आहे." आणि हसून फोन ठेवला.

मी बाबांना म्हटलं, मी दुकान बंद करून जाते, एखाद्या कुलूपवाल्याला बरोबर नेते आणि कुलूप कापून सायकल आणते. तर म्हणाले, "कुलूप शाबूत आहे. किल्ली शाबूत आहे. कापायचं कशाला?"

"मग बारक्याला किल्ली पाठवायला सांगू?"

"टपालाने नाही. आता एकच राहिलीय. हरवली तर? किल्ली हातात द्यायची असते."

मग बाबा खाली उतरले, कडी फडक्याने पुसली आणि तिच्या खालची जागा झाडली. मी झाडू हातातून घ्यायला गेले तर दिला नाही. दुपारी विचारलं काय खायचं, तर म्हणाले, "वांगी नकोत. परवा खारट झाली होती." मी आनंदाने भांडले.

तेव्हा आता तुझं तू ठरव. तू मागच्या दाराने ये-जा करतोस असं मावशी म्हणते, आणि खिडकीतून इतक्या सायकलींच्या गर्दीत दिसलं नसेल. पुढच्या दाराने खाली उतर. रस्ता ओलांड. वाचनालयाच्या कठड्याला, डावीकडून बघत गेलास तर दोन हलणारे गज सोडून, एक करडं कव्हर दिसेल. किल्ली खालून घालावी लागेल, वाकून. बॅटरी केव्हाच उतरली असेल, म्हणजे पायडल मारत यावं लागेल, आणि ती सायकल जड आहे. चाकात हवा भरून घे. उघडलेलं कुलूप तिथे कठड्याला लावून ठेवू नकोस, बरोबर आण. इथल्या कुलपाला तुझीच किल्ली लागेल, नाहीतर कडी बंदच राहील.

आणि तो शर्ट झटकून वाळत घालत जा. नाहीतर तुला आल्या आल्या तेच ऐकावं लागेल.

तू कसा आहेस?

तुझी,
ताई

ता. क. पाकीट जड का लागतंय म्हणशील. मी ते चिकटवायला घेतलं तेव्हा बाबा आतून एक पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन आले. त्याला मधोमध, पाकीट फाटू नये म्हणून जाड दोऱ्याने शिवलेली, तुझी घराची किल्ली आहे. टेबलावरून उचलल्यापासून ती त्यांनी कुठे ठेवली होती ते मला माहीत नाही, पण गंज चढू दिलेला नाही. मी म्हटलं, "बाबा, किल्ली टपालाने पाठवायची नसते ना?" ते म्हणाले, "ती विम्याची. ही घराची आहे. हरवली तर दार मी आतून उघडेन."